रसायनांनी पेशी बदलून टाइप १ डायबेटिस बरा होतो का? साडेचार लाख भरू का नको?

बागवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला, द्राक्षबाग आहे. थोरली लेक यंदा दहावीत. सहावीत असताना तिला टाइप १ निघाला. वजन झपाट्यानं उतरलं, रात्रीत चार-चार वेळा पाणी प्यायला उठायची, शेवटी मिरजेला आयसीयूत ठेवावं लागलं. तेव्हापासून दिवसाला इन्सुलिनची चार इंजेक्शनं. आता इन्सुलिनचा पेन तीच लावते, डब्यातल्या भाकरीचा हिशेबही तीच करते. पोरगी खंबीर आहे. तिच्या आईला मात्र रात्री तीनला उठून शुगर बघितल्याशिवाय झोप लागत नाही.

विषय असा की, पाहुण्यांनी एक व्हिडिओ पाठवला. चीनमध्ये एका मुलीच्या अंगातल्या पेशी काढल्या, नुसत्या रसायनांनी त्या पुन्हा कोऱ्या केल्या, त्यातून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तयार केल्या आणि तिच्याच पोटात सोडल्या. तिचं इन्सुलिन बंद झालं म्हणे. व्हिडिओखाली आपल्याकडच्याच एका सेंटरचा नंबर होता. मी फोन लावला. "तीच टेक्नॉलॉजी आमच्याकडं आहे. तीन सिटिंग, साडेचार लाख, सहा महिन्यांत इन्सुलिन सुटेल," असं सांगितलं. कागदपत्रं मागितली तर माहितीपत्रक आलं. त्यात हसणाऱ्या माणसांचे फोटो आणि खाली बँकेचा खातेनंबर. सेंटरचं नाव इथं लिहीत नाही.

दुसरी गोष्ट चुलतभावाची. त्यानं कुठंतरी वाचलं की त्या रसायनांतलं एक कोलियस नावाच्या झाडाच्या मुळीत असतं, एक फिट्सचं औषध आहे आणि एक मनाच्या आजाराची जुनी गोळी आहे. त्याचं म्हणणं, "हे सगळं मिळतंय की, साडेचार लाख कशाला घालवतोस?" त्यानं कोलियसच्या कॅप्सूलची बाटली आणूनही दिली. ती फळीवर तशीच आहे, सील फोडलेलं नाही.

यंदा बेदाण्याला दर बरा मिळाला, पैसे उभे राहतील. म्हणून तर विचारतोय. पैसेच नसते तर मन एवढं ओढलं नसतं. चीनची गोष्ट खरी आहे का? रसायनानं पेशी बदलते म्हणजे नेमकं काय होतं? आणि हे आपल्याकडं खरंच कुणी करतं का? जाणकारांनी समजेल असं सांगावं.

---

पेशीशाळा_मिरज

दादा, मी मूळची मिरजेची. आजोळ कवठेमहांकाळकडं, मामांची बाग होती. सध्या पुण्यात एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करते, त्यामुळं तुमच्या प्रश्नावर गप्प बसवत नाही.

आधी सरळ उत्तर देते. चीनची गोष्ट खरी आहे. सेंटरवाले सांगतात ते खोटं आहे. पैसे भरू नका. आणि ती बाटली लेकीला देऊ नका.

आता सविस्तर. आपल्या अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत एकच डीएनए असतो. त्वचेची पेशी आणि स्वादुपिंडातली पेशी वेगळ्या होतात त्या डीएनएतला कुठला भाग उघडा आणि कुठला घट्ट गुंडाळलेला, यावरून. पेशी एकदा त्वचेची झाली की ती मागं फिरत नाही, असं पुष्कळ वर्षं धरलं जायचं. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घातली आणि त्या पेशी भ्रूणातल्या पेशींसारख्या कोऱ्या झाल्या. म्हणजे त्यांच्यापासून पुढं हृदयाची, मेंदूची, स्वादुपिंडाची, कुठलीही पेशी घडवता येते. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींतही ते जमलं. २०१२ मध्ये यामानाकांना जॉन गर्डन यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

काळजीची बाब ही की त्या चार जनुकांतलं एक, सी-मिक, कॅन्सरशी जोडलेलं आहे. शिवाय सुरुवातीला ही जनुकं पेशीत शिरवायला विषाणू वापरावे लागायचे आणि ते डीएनएत कुठंही घुसून बसायचे. मग प्रश्न आला की बाहेरून जनुक न घालता, नुसत्या लहान रेणूंनी हे घडवता येईल का. लहान रेणू म्हणजे साध्या औषधी गोळीत असतात तसले, पेशीच्या आवरणातून सहज आत जाणारे आणि काम झाल्यावर धुऊन काढता येणारे. पेकिंग विद्यापीठातल्या देंग होंगक्वेई यांच्या गटानं २०१३ मध्ये उंदराच्या पेशी सात रेणूंनी कोऱ्या करून दाखवल्या. माणसाच्या पेशींना ते जमायला २०२२ उजाडलं. मधली नऊ वर्षं लक्षात ठेवा, कारण तुमचं सेंटर तीन सिटिंगची भाषा करतंय.

तुमच्या चुलतभावानं जे वाचलं ते अर्धं बरोबर आहे. त्या सात रेणूंच्या यादीत फिट्सचं व्हॅल्प्रोइक अॅसिड आहे. ते गुंडाळलेला डीएनए थोडा सैल करतं. ट्रॅनिलसायप्रोमिन ही नैराश्यावरची जुनी गोळी आहे, तीही त्याच गुंडाळीवर काम करते. सीएचआयआर ९९०२१ नावाचा रेणू पेशीला वाढीचा एक जुना संकेत पुन्हा ऐकवतो. फोर्सकोलिन कोलियसच्या मुळीतलं, ते पेशीच्या आत निरोप पोहोचवणाऱ्या एका रेणूचं प्रमाण वाढवतं. त्याचा अभ्यास १९७० च्या दशकात मुंबईत हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात झाला, हे मला नेहमी अभिमानानं सांगावंसं वाटतं.

पण हे रेणू एकत्र गिळले की काम झालं, असं नाही. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात जो कोंब घडत असतो, तो घड होणार की बाळी, म्हणजे वेलीला आधार धरणारी नुसती तार, हे सुरुवातीला ठरलेलं नसतं. म्हणून तर तुम्ही सीसीसी आणि सिक्स बीए ही वाढ वळवणारी औषधं फवारता. तसला एवढासा रेणू कोवळ्या पेशींचं नशीब घडाकडं झुकवतो. त्याच वेलीवर चुकीच्या वेळी जीए हे दुसरं वाढीचं औषध गेलं तर तेच कोंब बाळीकडं वळतात. औषध तेच, वेल तीच. पण पानांची संख्या, दिवस, पीपीएम, ऊन, यांतलं एक चुकलं की वर्षाचं पीक जातं. आणि सिक्स बीए काडीवर मारायचं असतं, ते पिऊन घड येत नाहीत.

प्रयोगशाळेत काय दिसतं तेही सांगते. प्लेटच्या तळाला त्वचेखालच्या पेशी लांबट, चपट्या, एकमेकींशेजारी लोळल्यासारख्या पसरलेल्या असतात. रेणू घातलेलं मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक पाणी, ठरावीक दिवसांनी बदलावं लागतं. बरेच दिवस काहीच घडत नाही, उलट पुष्कळ पेशी मरून वर तरंगायला लागतात आणि ते पाणी काढताना हात जपून चालवावा लागतो. मग एखाद्या कोपऱ्यात चार-सहा पेशी आखडून गोलसर होतात, जवळजवळ येतात, त्यांची कडा सूक्ष्मदर्शकाखाली चकाकते. तिथून वसाहत वाढते. २०१३ च्या त्या कामात चांगल्यात चांगलं प्रमाण होतं ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन पेशी. बाकीच्या टाकून द्यायच्या. माणसाच्या पेशींत तर टप्प्याटप्प्यानं रेणूंची यादीच बदलते. आधी जो रेणू लागतो तोच पुढं नडतो.

आता व्हिडिओतल्या मुलीबद्दल. ती २५ वर्षांची, तिआनजिनची. तिच्या चरबीच्या पेशी रसायनांनी कोऱ्या केल्या, त्यांतून स्वादुपिंडातल्या आयलेट्ससारखे, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या गुच्छांसारखे, पुंजके बनवले आणि जून २०२३ मध्ये पोटाच्या पुढच्या स्नायूवरच्या आवरणाखाली सोडले. जवळपास १५ लाख पुंजके. ७५ दिवसांनी तिचं बाहेरचं इन्सुलिन थांबलं आणि वर्षभरानंतरही ते लागत नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हे 'सेल' या शोधपत्रिकेत छापून आलं. मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला आहे आणि मला मनापासून आनंद झाला.

पण व्हिडिओत एक गोष्ट गाळलेली असणार. त्या मुलीचं आधीच यकृत बदललेलं होतं, म्हणून ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतच होती. टाइप १ मध्ये आपलीच प्रतिकारशक्ती इन्सुलिनच्या पेशी मारते. पेशी स्वतःच्या असल्या तरी तो हल्ला पुन्हा होऊ शकतो. ती औषधं नसती तर त्या पेशी टिकल्या असत्या का, हे या एका रुग्णावरून सांगता येत नाही.

सेंटरचं खोटं कसं ओळखायचं, तर त्यांच्याच शब्दांवरून. चरबी काढायची, पेशी कोऱ्या करायच्या, त्यांच्यापासून आयलेट बनवायचे, मग एकही कोरी पेशी मागं राहिलेली नाही ना हे तपासायचं. कोरी पेशी शरीरात राहिली तर तिची गाठ होऊ शकते. त्या गाठीत केस आणि दातसुद्धा सापडतात. हे सगळं महिन्यांचं काम आहे, त्याला अतिशय स्वच्छ कारखान्यासारखी जागा लागते. सिटिंगला येऊन संध्याकाळी घरी जाण्यासारखं ते नाही. असल्या ठिकाणी बहुतेक वेळा चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेलं मिश्रण, काहीही न बदलता, तसंच परत टोचतात.

---

कराडचा_टाइपवन

काका, मी शाळेत असल्यापासून टाइप १. आता बँकेत नोकरी करतो. ताईंनी विज्ञान सांगितलं, मी घरातलं सांगतो.

कुणीही, कितीही मोठा माणूस, "आधी इन्सुलिन कमी करा म्हणजे पेशी जाग्या होतील" असं म्हणाला तर तिथून उठून या. माझ्या माहितीतल्या एका मुलाचं असंच झालं. काढ्याच्या भरवशावर इन्सुलिन अर्धं केलं, तिसऱ्या दिवशी उलट्या, श्वास लागला, रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढली, रात्री गाडी काढून दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला. टाइप १ ला इन्सुलिन बंद म्हणजे काही दिवसांत जिवावर बेततं.

दुसरं, ते साडेचार लाख. रात्री तीनला काकू उठतात म्हणालात. दंडावर चिकटवायचा सेन्सर मिळतो, दोन आठवडे चालतो, मोबाइलवर सतत शुगर दाखवतो. खाली घसरायला लागली की अलार्म वाजतो. त्या पैशांत काही वर्षं सेन्सर लावता येईल. माझ्या आईची झोप त्यानं परत आली. दहावीच्या पेपरलाही उपयोग होईल, फक्त शाळेकडून परीक्षेआधी डॉक्टरांच्या पत्रावर मंडळाची परवानगी काढून ठेवा. ग्लुकोजची पुडी, मशीन, पेन वर्गात न्यायचं असेल तर ते आधीच लेखी असलेलं बरं.

---

औषधदुकान_विटा

त्या फिट्सच्या गोळीबद्दल दोन शब्द, कारण आमच्या काउंटरवर लोक असलं वाचून येतात. सोडियम व्हॅल्प्रोएट ज्यांना लागतं त्यांच्यासाठी मोलाचं औषध आहे. पण ते यकृतावर परिणाम करू शकतं, आणि गरोदरपणात घेतलं गेलं तर बाळाच्या मणक्यात-मेंदूत दोष राहण्याचा धोका फार मोठा असतो. म्हणून वयात आलेल्या मुलींना ते देताना डॉक्टरसुद्धा दहादा विचार करतात. ट्रॅनिलसायप्रोमिनवर असताना तर आंबवलेले, मुरवलेले पदार्थ खाल्ले तरी रक्तदाब उसळू शकतो. पेशी बदलायच्या म्हणून यातलं काहीही घरात चाखून बघायचं नाही. आणि फोर्सकोलिननं रक्तदाब खाली येतो. मुलीला कधी शुगर कमी होऊन चक्कर आली, तर ती शुगरची का बाटलीची, हे कुणाला कळणार?

---

बागवाला_तासगाव

सगळ्यांचे आभार. बाटली चुलतभावाला परत दिली. तो जरा रुसला, पण हा धागा त्याला वाचून दाखवला तेव्हा गप्प झाला. सेंटरला आज फोन करून कळवलं की येत नाही, तर म्हणाले चाळीस हजार कमी करतो.

ताई, बाळीचं तुम्ही बरोबर पकडलंत. त्यात एक भर घालतो. छाटणीनंतर सलग ढगाळ राहिलं तर सिक्स बीए वेळेवर मारूनही डोळ्यात माल भरत नाही. औषधाला वेलीचीही साथ लागते.

तरी एक मनात राहतंच. फिट्सची गोळी आणि तो सीएचआयआर, असं थोडंथोडं अंगातच देऊन, पेशी बाहेर न काढता दुरुस्त करायचं कुणी करून बघितलं आहे का? आणि इथं भारतात कधी खरी चाचणी निघाली, तर ती खरी आहे हे आम्ही कसं ओळखायचं?

लेकीनं पण धागा वाचला. ती विचारते, "जगात एवढी रसायनं आहेत, त्यातली बरोबर हीच सात त्यांना सापडली कशी?" तिला उत्तर दिलंत तर फार बरं होईल.

---

पेशीशाळा_मिरज

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. आणि गंमत म्हणजे तुम्ही नाव घेतलेल्या त्याच दोन रेणूंवर. व्हॅल्प्रोएट आणि सीएचआयआर ९९०२१ यांची जोडी, नाव एफएक्स-३२२, कानाच्या पडद्यातून आत टोचायची. आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मेल्या की माणसात त्या परत येत नाहीत, ऐकू येणं जातं. शेजारच्या आधारपेशींना जागं करून त्यांच्यापासून नव्या केसपेशी घडवायच्या, असा तो विचार. प्रयोगशाळेत चांगलं दिसलं, पहिल्या छोट्या चाचणीत आशा वाटली. २०२१ मध्ये मोठ्या चाचणीत औषध आणि नुसतं पाणी यांत फरक निघाला नाही. आणखी एक चाचणी झाली, तीही फसली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते काम बंद झालं. कान म्हणजे बंदिस्त, एवढीशी जागा, तिथं डोस नेमका पोहोचवणं त्यातल्या त्यात सोपं. तिथंही जमलं नाही. पोटातून गिळलेली गोळी तर यकृत, हृदय, मेंदू सगळीकडं जाते, आणि कुठल्या पेशीनं बदलावं नि कुठल्या पेशीनं नाही, हे तिला सांगायची सोय नाही. म्हणून आज पेशी बाहेर काढून, प्लेटमध्ये बदलून, तपासून मग आत सोडणं हाच त्यातल्या त्यात भरवशाचा रस्ता आहे.

खरी चाचणी ओळखायची तर पहिली गोष्ट, सीटीआरआय क्रमांक मागा. आपल्या देशातल्या चाचण्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवाव्या लागतात. तो क्रमांक तिथं टाकला की रुग्णालय, डॉक्टर, आजार, सगळं कुणालाही फुकट बघता येतं. क्रमांक नुसता असून भागत नाही, त्या नोंदीत टाइप १ आणि त्याच ठिकाणाचं नाव आहे का ते वाचा. दुसरी गोष्ट पैशांची. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूळपेशी (ज्यांतून दुसऱ्या पेशी घडतात त्या) प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळा वापर चाचणी म्हणूनच करायचा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. चाळीस हजार कमी करणाऱ्यानं आपलं काय ते स्वतःच सांगून टाकलं.

तुमची आशा मात्र वाया गेलेली नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीच्या चाचणीचे निकाल आले. त्यात भ्रूणातल्या मूळपेशींपासून केलेले आयलेट दिले होते, म्हणजे रसायनांनी कोऱ्या केलेल्या पेशी नव्हत्या. पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. त्यांनाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, त्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो. इन्सुलिनवर चांगली राहणारी पंधरा वर्षांची मुलगी त्या औषधांवर टाकणं आज परवडणारं नाही. तो हल्ला थोपवायचा दुसरा मार्ग सापडेपर्यंत तिचे डोळे, मूत्रपिंड, पाय ठणठणीत ठेवायचे, म्हणजे वेळ येईल तेव्हा ती त्या उपचाराला योग्य असेल. ते तुम्ही करताच आहात.

आता लेकीसाठी.

बाळ, सातही एकदम सापडले नाहीत. आधीच्या कामातून त्यांना माहीत होतं की काही रेणू घातले तर चारऐवजी एकच जनुक पुरतं, त्याचं नाव ऑक्ट४. म्हणजे उरलेला प्रश्न एवढाच, ऑक्ट४ ची जागा कोण घेईल? त्यांनी उंदराच्या अशा पेशी घेतल्या की ज्यांत स्वतःचं ऑक्ट४ चालू झालं की पेशी हिरवी चमकते. मग सुमारे १०,००० रेणूंचा साठा घेऊन ते एकेक करून तपासत गेले. त्यात जे उपयोगी ठरले त्यांत फोर्सकोलिन होतं, तुझ्या काकांनी आणलेल्या बाटलीतलं. तरीही पेशी अडल्या. वसाहती दिसायला लागल्या, पण ऑक्ट४ नीट चालू होईना, कारण त्यावरची गुंडाळी अजून पक्की होती. ती सोडवणारा डीझेडनेप नावाचा रेणू उशिरा, मधल्या टप्प्यावर घातला, तेव्हा हिरव्या पेशी कितीतरी जास्त दिसल्या. सातवा रेणू प्रमाण वाढवायला.

माणसाच्या पेशींत हीच यादी चालली नाही. तिथं जेएनके नावाचा एक संकेतमार्ग आडवा येत होता, जखम-दाह झाल्यावर चालू होणारा. तो दाबल्यावर पेशी आधी एका मधल्या अवस्थेत गेल्या. अॅक्सोलॉटल नावाच्या सॅलॅमँडरचा पाय तुटला की नवा उगवतो, तेव्हा त्याच्या पेशींत जी जनुकं जागी होतात, तशीच काही या पेशींत जागी झालेली दिसली. तिथून पुढं त्या कोऱ्या झाल्या.

पेपर झाले की अॅक्सोलॉटलबद्दल वाच, शाळेच्या पुस्तकात नाही पण वाचायला फार सुंदर आहे. आणि अकरावीला जीवशास्त्र घेणार असशील तर इथं लिही. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, विद्यापीठाच्या आवारातच. तुझी शुगर सांभाळून एक दिवस ये, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवता येतील का ते मी विचारून ठेवते.